तमासुर मरायला तयार नव्हता

पडद्यावर राक्षसाचे तोंड उघडले, मिटले, पुन्हा उघडले. शब्द मात्र एकही आला नाही.

शाळेच्या खिडक्यांना काळे प्लास्टिक ठोकून आम्ही त्या वर्गापुरता दुपारचा सूर्य मावळवला होता. आत अख्खे गाव श्वास रोखून बसले होते. पहिल्या रांगेत मुंबईहून आलेल्या सलोनी मॅडम. लहान मुलांच्या एका वाहिनीसाठी मालिका निवडणे हे त्यांचे काम. त्यांच्या मागे योगिनी, जिच्याशी मला लग्न करायचे होते. आणि पडद्याच्या मागे योगिनीचे वडील, दशावतारी नाटकांत राक्षसाची कामे करणारे सहदेवकाका, ज्यांनी या राक्षसाला आवाज द्यायचा होता.

तमासुराने पुन्हा जबडा पसरला. त्यातून प्रोजेक्टरच्या पंख्याची घरघर तेवढी ऐकू आली.

“राक्षसाक दातदुखी आसा काय रे?” मागून कोणी तरी विचारले.

“नाय रे, एकादशी आसा तेची. मौन धरल्यान.”

शांततेचे पुष्कळ प्रकार मी कवितेतून वाचले होते. पानगळीची शांतता, रिकाम्या फलाटाची शांतता, दोन प्रेमिकांमधली न बोललेली शांतता. ही त्यांतली कोणतीच नव्हती. मुहूर्त टळत आला, आणि नवरा मुलगा पोहोचलेला नाही, तेव्हा मांडवात जी पसरते, ती ही शांतता होती. फरक इतकाच, की यातला नवरा मुलगा मी होतो.

आपल्याकडचे अॅनिमेशन ही एक न उमललेली शक्यता आहे, असे माझे ठाम मत होते, आणि कोणी विचारले नाही तरी मी ते सांगत असे. देव, दानव आणि त्यांच्या मातोश्री, सगळ्यांचे चेहरे एकाच साच्यातले. रथ धावू लागला की मागून तेच झाड पुन्हा पुन्हा जाते, जणू रथापेक्षा त्या झाडालाच पोहोचायची घाई आहे. आणि ऐन रणांगणावर राक्षस गर्जतो तो कसा, तर बसस्थानकावर गाडी रद्द झाल्याचे सांगावे तसा. चित्राला देह असतो, प्राण आवाजात असतो, असा एक दीर्घ लेख मी एका दिवाळी अंकात लिहिला होता. तो प्राण शोधायला लांब जायची गरज नाही, हेही त्यात होते. रेडीपासून फोंडाघाटापर्यंत प्रत्येक जत्रेत तो रंग लावून, मुकुट घालून, दशावताराच्या बाकड्यावर बसलेला असतो. मी चित्रपट केला तर तो अपुरा राहणार नाही, हे मी त्या लेखाच्या अखेरीस जाहीर केले होते.

जाहीर केलेले करून दाखवायची वेळ सहदेवकाकांमुळे आली. मी मराठीचा एम. ए.; एका महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवत होतो, म्हणजे जितके तास तितकाच मी प्राध्यापक. योगिनीला मागणी घालायला गेलो तेव्हा काका काजूच्या बिया वाळत घालत होते. मान वर न करताच म्हणाले, “तासावर सायकल मिळता. जावई तासावर घेवची पद्धत आमच्यात नाय. कायमची नोकरी दाखव, मगे चेडवाचा नाव घे.” चेडू म्हणजे मुलगी, म्हणजे योगिनी.

म्हणून सलोनी मॅडम. पाच मिनिटांचा नमुना पसंत पडला तर मालिका, आणि मालिका मिळाली तर तिच्या लेखकाची कायम पगारी जागा. तमासुर नावाचा राक्षस जगातला उजेड गिळतो आणि तेजा नावाची कोळ्याची मुलगी तो सोडवून आणते, अशी कथा मी रचली. भारनियमनाच्या त्या दिवसांत उजेड गिळणारा राक्षस लोकांना ओळखीचा वाटेल, हा माझा अंदाज होता.

चित्रे प्रितेशची. मालवण रस्त्यावर त्याचा संगणकाचा वर्ग होता, आणि त्याने काढलेल्या गणपतीशिवाय तालुक्यात लग्नपत्रिका छापली जात नसे. त्याच्या संगणकाची ताकद पाहता तमासुराच्या तोंडाला तीनच आकार परवडले: मिटलेले, अर्धे आणि सताड. तो चालायचा तेही एकाच दिशेने. उलट फिरवला की गदा डाव्या हातात जाई. आणि तेजाची होडी तोंडवलीच्या किनाऱ्याने निघाली, तेव्हा मागून एकच झाड पुन्हा पुन्हा जाऊ लागले.

“प्रितेश, हे तेच झाड आहे.”

“माड आसा तो. माड सगळे सारकेच दिसतत.”

अशा रीतीने माझ्या लेखातले सारे दोष आम्ही एकेक करून साकार केले. फक्त झाड स्थानिक होते. तरीही मी निश्चिंत होतो. प्राण अजून यायचा होता.

दशावतारात लिहिलेले नाटक नसते. रंग लावता लावता कथानक ठरते, आणि बाकड्यावर बसल्यावर ज्याला जे सुचेल ते तो बोलतो, सकाळपर्यंत बोलतो. हे मला लहानपणापासून ठाऊक होते, पण समुद्र खोल आहे हे काठावरून ठाऊक असावे तसे. ध्वनिमुद्रणासाठी प्रितेशच्या खोलीत चारी भिंतींना गाद्या लावल्या, आणि मी काकांच्या हाती कागद दिला.

“ह्या काय?”

“तुमचे संवाद.”

“माजे? मी तर अजून बोलाकच नाय. तुका कसे कळले?”

संवाद एकच होता. ‘थांब, मुली. या जगातला सगळा उजेड माझा आहे.’ मी तो योगिनीलाही वाचून दाखवला होता. ती म्हणाली होती, “इतक्याच शब्दांत? इतक्या शब्दांत माजो बापूस शिंकत पण नाय.” मी हसलो होतो.

काकांनी कागदाची घडी करून वारा घेतला, डोळे मिटले आणि सुरुवात केली. आधी नगरीचे वर्णन. मग तमासुराची वंशावळ. मग त्याच्या आजोबांचा सूर्याने भर सभेत केलेला अपमान. चहा आला, गार झाला. तमासुर अजून बालपणातच होता. दुसऱ्या खेपेला तो पोरका निघाला. तिसऱ्या खेपेला तो रडला, आणि त्याच्याबरोबर प्रितेशही रडला. पण प्रितेशची कारणे वेगळी होती.

“मिन्टाभराचा तोंड हलवूक माका आठवडो लागता,” तो मला बाजूला घेऊन म्हणाला. “ह्येंच्या बोलण्याची चित्रा माजो नातू पुरी करतलो.”

आवाज कापून बसवायचेही करून पाहिले. कापलेला तमासुर ऐकून काका गंभीर झाले. “माका दमो कधी झालो?”

दुःख असे, की प्रत्येक खेपेचा तमासुर निराळा होता, आणि त्यांतला प्रत्येक माझ्या तमासुरापेक्षा सरस होता. तारीख जवळ आली तेव्हा मी कवीला शोभेल असा निर्णय घेतला. ध्वनिमुद्रण नकोच, काकांनी पडद्यामागे बसून प्रत्यक्ष बोलावे. तोंड उघडले की बोलायचे, मिटले की थांबायचे.

“तोंड मिटला काय मी गप,” काका म्हणाले. “त्यात काय आसा?”

त्या दिवशी ते पूर्ण रंग लावून आले. लाल कपाळ, काळ्या मिशा, मुकुट, छातीवर माळा.

“काकानू, पडद्यामागे तुमका कोण बगतला?”

“राक्षस बगतलो.”

आणि आता तो राक्षस सताड तोंडाने पाहतच होता. मी वाकून, जवळजवळ रांगत, पडद्यामागे गेलो. काका शाळेच्या बाकावर एक पाय दुमडून, मिशीवर बोट ठेवून सम्राटासारखे बसले होते.

“काकानू, बोला,” मी कुजबुजलो.

“पखवाज खंय आसा?”

“कसलो पखवाज?”

“थाप पडल्याबिगर राक्षस बोलता खंय? मी काय बाजारात भाजी घेवक इलंय?”

कोपऱ्यात पोषण आहाराच्या तांदळाचे पत्र्याचे पिंप होते. मी त्यावर दोन्ही हात मारले. पत्रा घुमला, छपरावरून कबुतरे उडाली, आणि सहदेवकाकांचा आवाज उठला.

तो आवाज मी कसा सांगू? भरतीचे पाणी खडकाच्या कपारीत शिरते, तेव्हा आधी जमीन ऐकते आणि मग कान. तसा तो होता. मी पडद्याच्या कडेला येऊन पाहिले. सलोनी मॅडम ताठ बसल्या. पुढची मुले मागच्यांच्या मांडीत शिरली. तीन आकारांचे ते तोंड, तो पुठ्ठ्यासारखा गदाधारी, क्षणभर खरोखर जिवंत झाला. न उमललेली ती शक्यता माझ्या डोळ्यांदेखत उमलत होती.

मग तोंड मिटले. आवाज मिटला नाही.

पडद्यावर तेजाने होडीतून दिवा उंचावला. ठरल्याप्रमाणे तमासुर विरघळला, त्याचा धूर झाला, आणि त्या धुरातून त्याच्या पणजोबांची हकिगत पुढे चालू राहिली.

“मेलो तरी बोलता,” मागची एक म्हातारी शेजारणीला म्हणाली. “आमचो मामंजी असोच होतो.”

पडद्यामागे काकांची नजर धुराकडे गेली. ते थांबले. प्रितेश वर्गाच्या दुसऱ्या टोकाला प्रोजेक्टरपाशी होता, त्यामुळे नंतरचे संभाषण सगळ्या वर्गाने ऐकले.

“प्रितेश, ह्यो कोण मेलो?”

“तुमीच, काका.”

“मी? कोणी मारल्यान?”

“त्या चेडवान. दिवो दाखवल्यान.”

“दिवो दाखवल्यान आणि मी मेलंय? मी राक्षस आसंय काय दिव्यावरचो किडो?”

पडदा वर उचलून काका समोर आले. तोवर श्रेयनामावली सुरू झाली होती. माझे नाव आयुष्यात प्रथमच पडद्यावर यायचे होते. ते काकांच्या पोटावर आले आणि ढेरीच्या वळणाने वाकले.

बाक त्यांनी एका हाताने पुढे ओढला, त्यावर पाय दिला, आणि घरगुती मालवणी टाकून रंगमंचावरची भारदस्त मराठी धारण केली. “या सभेत कोणी वीर आहे काय, जो या तमासुराशी युद्ध करील? की या नगरीत केवळ दिवे लावणाऱ्या मुलीच जन्मास येतात?”

युद्धाशिवाय राक्षस मरत नाही, आणि वाग्युद्धाशिवाय युद्ध होत नाही. हे आमच्याकडे पोरासोरांनाही ठाऊक असते. सगळा वर्ग माझ्याकडे पाहू लागला. योगिनी मॅडमच्या मागून म्हणाली, “बगतंस काय? जन्माक तू घातलंस, आता मारूक पण तूच जा.”

फळ्यावर रेघा मारायची लाकडी पट्टी घेऊन मी पुढे झालो.

“कोण रे तू?” तमासुराने विचारले.

इथे वीराने आपले कुळ, पराक्रम, माता-पिता सांगायचे असतात. माझ्यापाशी नवकवितेखेरीज काही नव्हते. “मी,” मी म्हणालो, “मी एक अपुरा प्रश्न आहे. माझ्या काळोखाला अजून नाव नाही.”

“काळोखाला नाव नाही. तुला नोकरी तरी आहे काय?”

“तासिका तत्त्वावर,” माझ्या तोंडून निघून गेले.

“मग तासाभराने ये. तमासुर फक्त कायम वीरांशीच लढतो.”

वर्ग हसून लोटपोट झाला. मॅडमनी तोंडाला रुमाल लावला. मी पट्टी उगारली आणि ती काकांच्या खांद्यावर इतक्या आदराने टेकवली, की जणू त्यांना पदवी प्रदान करत होतो. मिशीआडून हळूच आवाज आला, “जोरात मार रे मेल्या. चेडू बगता.”

मी जोरात मारले.

मग सहदेवकाका मेले. ते मरण कसे होते, ते गावात अजून सांगतात. ते बाकाभोवती गिरकी घेत मेले, शाप देत मेले, शाप मागे घेऊन मेले. मध्येच उठून पाणी पिऊन उरलेले मेले. अखेरीस बाकावर आडवे झाले तेव्हा टाळ्यांनी खिडकीवरचे प्लास्टिक सुटले आणि ऊन आत आले. चित्रपट केव्हाच संपून गेला होता. पडद्यावर प्रितेशच्या संगणकाची निळ्या आभाळाखालची हिरवी टेकडी तेवढी शिल्लक होती.

सलोनी मॅडम माझ्यापाशी आल्या. “चित्रं बदलून घेऊ. तो माड तर नक्कीच बदलू. पण हा राक्षस! मालिका आम्ही करतोय, सर्वेश. लेखन तुमचं. कायम पगारी.”

माझे पाय जमिनीवर आहेत की नाहीत, हे पाहायला मी खाली पाहिले.

“एकच,” त्या म्हणाल्या. “आमच्याकडे आधी संवाद मंजूर होतात, मग चित्रं होतात. त्यामुळे मंजूर झालेलं काकांनी शब्दन् शब्द तसंच बोलायचं. नाहीतर लेखक घेऊन आम्ही करायचं काय? त्यांचा होकार घेऊन या. मी गाडीत बसते.”

काका पडद्यामागे बसून खोबरेल लावून रंग उतरवत होते. योगिनी आरसा धरून उभी होती. अर्धा चेहरा माणसाचा झाला होता.

“काकानू, नोकरी झाली. कायमची.”

“बरा झाला,” काका म्हणाले, आणि माणसाच्या बाजूने हसले. “आता चेडवाचा नाव घेवक माजी हरकत नाय.”

आरसा थोडा हलला.

“पण तुमका पण काम करूचा आसा,” मी म्हणालो. “तमासुर तुमीच. तुमी नसल्यास मालिका नाय, आणि मालिका नसल्यास नोकरी नाय.”

“मगे करतंय. त्यात काय?”

“लिवलेला बोलूचा लागतला. जसाच्या तसा.”

खोबरेलाचा बोळा गालावर थांबला. “सगळा?”

“सगळा.”

“आणि मधीच काय सुचला तर?”

“सुचूचा नाय, काकानू.”

काकांनी माझ्याकडे पाहिले; राग नव्हता त्यात, एखाद्याने विहिरीला पाणी न पाझरण्याची अट घालावी तसे निव्वळ आश्चर्य होते. मग त्यांनी मुलीकडे पाहिले. बाहेर गाडीचा हॉर्न वाजला.

“बाबानू,” योगिनी हळू म्हणाली, “काय सांगूया मॅडमांका?”

सहदेवकाका उठले. मुकुट काखेत धरला, चपला पायात सरकवल्या, आणि अर्धा राक्षस, अर्धा बाप, तसेच भर उन्हात शाळेचे आवार ओलांडून, गाडीकडे मानही न वळवता, घराकडे निघून गेले.