गवत न उगवणारी पावलं

झरी पाड्यावरच्या देवजीच्या शेतात कपाशी तेवढी उगवली होती. बाकी काहीच नाही. पावसाळ्यात जिथे दगडालाही शेवाळ धरतं, तिथे रांगांमधली माती घासून ठेवलेल्या तव्यासारखी कोरी. बेडूकसुद्धा बांधावरूनच मागे वळायचे.

सीमेपलीकडच्या मेव्हण्याने बियाणं आणि तणनाशकाची बाटली दोन्ही पाठवली होती. औषध मातीत बसून राहतं, तण वर येऊ देत नाही. हे बियाणं मात्र त्याला जुमानत नाही. पेरणी होताच देवजीने फवारलं, बायजीने पाणी ओतलं. पंप गळका. नवरा-बायकोचे अनवाणी पाय घोट्यापर्यंत भिजले. मग देवजी "बैल बघून येतो" म्हणून गेला आणि जरा वेळाने बायजी "सरपण आणते" म्हणून.

माळ हिरवा झाला तशी त्यात पावलं दिसू लागली. माणसाची. टाच, बोटं, सगळं रेखीव. पावलाच्या आत काडी नाही, बाहेर पोटरीभर गवत. गवत वाढे तशी पावलं खोल होत. कपाशीतून निघून ती ओढ्याकाठच्या मोहाखाली थांबत. परतीची नव्हतीच. औषध तिथवरच पुरलं होतं. पण हे पाड्याला कोण सांगणार? पाड्याने ती भुताची ठरवली.

मोहामागे सोनीबाईची झोपडी. तिथे काय गाळतात ते सगळ्यांना ठाऊक होतं. पण भूत प्यायला जात असेल, असं कुणाला सुचलं नाही.

देवजीला आपली पावलं लगेच ओळखू आली. दारू सोडल्याची शपथ त्याने आणि बायजीने वाघदेवापुढे जोडीने घेतली होती. "मोडलीस तर भावाकडं जाईन, परत यायची नाय," असं बायजीने वर बजावलं होतं.

शेवटी पाडा मोहाखाली जमला. चिमण भगताने सुपात तांदूळ फिरवले. वारा पडला. बायकांनी पोरं जवळ ओढली.

"कपाशीतून निघतंय," भगत म्हणाला. "उपटा."

"आख्खी?" देवजीचा आवाज चिरकला.

"मग? अर्धं भूत ठेवतोस?"

कपाशीला नुकत्याच कळ्या धरल्या होत्या. देवजीने शेताकडे पाहिलं. बायको गेली तर समजूत काढता येईल. कपाशीची कशी काढणार?

"भगत, ती पावलं..." म्हणत त्याने खरं सांगायला पाय पुढे टाकला, आणि तसाच थांबला. गवतात उमटलेल्या त्याच्या पावलांशेजारी दुसरी रांग होती. बारकी. डाव्या पावलाला चारच बोटं.

बायजीची डावी करंगळी लहानपणीच विळ्याखाली गेली होती.

देवजीने हळूच वर पाहिलं. बायजीने डावा पाय लुगड्यात ओढून घेतला. सोनीबाई एकाएकी ढग बघू लागली.

"काय सांगत होतास रं?" भगताने विचारलं.

"तो काय सांगणार?" बायजी कडाडली. "भूतच हाय! जोडीनं फिरतंय!"

"जोडीनंच," देवजी म्हणाला.

त्याच दुपारी दोघांनी कपाशी उपटली. एकमेकांकडे न बघता, पण मोठ्या एकोप्याने.

पावलं अजून आहेत. भूत धरेल म्हणून पाडा त्यांच्यात पाय पडू देत नाही. देवजी आणि बायजी त्याहूनही लांबून वळसा घालतात. पाय बरोब्बर बसेल, ही भीती पाड्यात त्या दोघांनाच आहे.