लाख वाती आणि दोन स्पीकर

आषाढी एकादशीच्या सकाळी, उपासाचा चहा पिता पिता, आमच्या घरात दोन निश्चय झाले. मी म्हटलं, यंदाच्या चातुर्मासात लाख वाती करीन आणि त्रिपुरी पौर्णिमेला बालाजीपुढे लावीन. हे म्हणाले, "मी पुण्याले काजलकडे जाऊन येतो. तिथं स्पीकरचं प्रदर्शन आहे. पाहूनच येतो फक्त."

(पाहूनच येतो म्हणून गेलेला माणूस रिकाम्या हाताने परत आला, असं एक तरी उदाहरण आमच्या मेहकरात असेल तर मला कळवावं. धामणगाव बढ्याला माझ्या माहेरीही हे 'पाहायलाच' आले होते.)

हे म्हणजे पाटबंधारे खात्यातले हेडक्लार्क. तंबाखू नाही, पत्ते नाहीत, कुणाच्या अध्यात ना मध्यात. देवाने एकच खोड दिली, ती कानाला. तरुणपणापासून ह्यांची एकच इच्छा: गाणं लावलं की गाणारा समोर येऊन बसला पाहिजे. आयुष्यभर एका खरखरत्या टेपवर भागवलं, पुढे आमच्या लेकीच्या, काजलच्या, जुन्या मोबाइलवर. कधी तक्रार नाही. म्हणून पुण्याहून हे परत आले तेव्हा त्यांचा चेहरा पाहून माझ्याने 'नको' म्हणवलं नाही. काकड आरती करून आलेल्या माणसाचा असतो तसा चेहरा होता.

"काजलची आई, काय सांगू तुले! मोठ्या हॉटेलातली खोली. पाय बुडेल असा गालिचा. भिंतीभर पडदे, मागं मऊ मऊ सोफे, त्यावर दाटीनं माणसं. पण कोणी हूं की चूं नाही. मधात एक खुर्ची. मी बसलो, डोळे मिटले, अन् बासरीवाला समोर! त्याचा श्वास ऐकू आला मले. श्वास!"

"दमा असंन त्याले," खाटेवरून आत्याबाई म्हणाल्या. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. वय झालं, पण वेळेवर बोलण्यात अजून कुणाला हार जात नाहीत.

नवरात्राच्या तोंडावर स्पीकर आले. माझ्या खांद्याला लागतील एवढे उंच, काळे, चकचकीत. आत्याबाईंनी एकाला चारही बाजूंनी चाचपलं आणि विचारलं, "कपाट बरं आहे, पण दार कोणीकडून उघडते रे?"

किंमत मला आजवर कळलेली नाही. देवाने ती कळू दिली नाही याबद्दल मी त्याची ऋणी आहे. मला कळलं ते एवढंच, की नवे स्पीकर वाजून वाजून मोकळे व्हायला वेळ लागतो, म्हणून दुकानदाराने दिवाळीपर्यंतची मुदत दिली आहे. नाही जमलं तर दिवाळीच्या आत परत पाठवा, नंतर नाव काढू नका.

ह्यांनी हॉलच्या दोन कोपऱ्यांत ते उभे केले. आमचा हॉल तुम्ही पाहिलेला नाही, पण तुमच्यासारखाच आहे: खाली फरशी, भिंतींना ऑइल पेंट, एक लोखंडी कपाट आणि काचेचं शोकेस, ज्यातले कप पाहुणे आले तरी बाहेर निघत नाहीत. ह्यांनी मध्ये खुर्ची मांडली, डोळे मिटले आणि बटण दाबलं.

बासरी आली. एसटीच्या हॉर्नसारखी आली. मागोमाग तबला आला, तर वाटलं कुणीतरी रिकामी टाकी जिन्यावरून सोडली. शोकेसमधले कप इतक्या वर्षांत पहिल्यांदाच हलले. शेजारच्या राबियाभाभी हातातलं पीठ तसंच घेऊन धावत आल्या.

"पुष्पाभाभी! काय पडलं हो?"

"बासरी," मी म्हटलं.

त्या दिवसापासून ह्यांनी स्पीकर सरकवायला सुरुवात केली. आज इकडे, उद्या तिकडे. एक तर स्वयंपाकघराच्या दाराशी असा आला की नैवेद्याचं ताट घेऊन मला खेकड्यासारखं आडवं जावं लागे. दसऱ्याला मी दोघांनाही हळदकुंकू लावलं, झेंडूची माळ घातली. (हे ओरडले, "पॉलिश आहे त्याले!" पण देवीला पॉलिशचं वावडं नसतं.) माळ घातल्यावर तबल्याबरोबर झेंडूही वाजू लागला. एवढाच फरक.

खरं सांगते, आवाजाचं मला काही वाटलं नाही. पण ह्यांनी रात्रीची दुसरी पोळी मागणं बंद केलं. लग्नापासून हे दुसरी पोळी मागतात आणि मी तिसरी वाढते, असा आमचा संसार. एका संध्याकाळी खुर्चीत बसून स्पीकरकडे बघत म्हणाले, "देऊ वापस पाठवून. आपल्या नशिबात मोबाइलच आहे." त्याच आठवड्यापासून मी बालाजीचे शनिवार धरले. म्हटलं, देवा, ह्यांना तो श्वास एकदा या घरात ऐकू दे.

आता वातींचं सांगते. कापूस माझा भाऊ हर्षल याच्या शेतातला. राबियाभाभींचे मालक शकूरभाई, त्यांचं गादीचं दुकान, त्यांनी तो पिंजून दिला, इतका हलका की मोठ्याने बोललं तरी उडेल. जप करत करत मी वाती वळत होते आणि पोत्यात भरून मागच्या खोलीत ठेवत होते. कोजागरीच्या सुमाराला तिथे उंदीर झाले.

"देवाच्या वाती उंदराले घाल," आत्याबाई म्हणाल्या. "त्याहीले पुण्य लागंन."

मी विचार केला, घरात उंदीर कुठे फिरकत नाही? तर हॉलमध्ये. स्पीकर आल्यापासून तिकडे पालसुद्धा दिसली नव्हती. हे ऑफिसच्या कामाने बुलढाण्याला गेले होते. मी वातींची आणि उरलेल्या कापसाची सगळी पोती आणून स्पीकरच्या मागे दोन्ही कोपऱ्यांत एकावर एक रचली, छताला टेकतील अशी. वरून आत्याबाईंच्या गोधड्या टाकल्या.

संध्याकाळी हे आले. "हे काय रचून ठेवलं?"

"देवाचं आहे," मी म्हटलं.

देवाचं म्हटलं की हे पुढे विचारत नाहीत. एकदा सत्यनारायणाच्या आधी ह्यांनी प्रसादाचा शिरा खाल्ला होता, तेव्हापासूनची ही शिस्त.

"उद्या फोन करून सांगतो, घेऊन जा म्हणून," हे म्हणाले. "आज शेवटचं ऐकून घेतो."

मी आत देवाजवळ बसले होते. बासरी सुरू झाली. हॉर्न नाही, टाकी नाही, कप नाहीत. नुसती बासरी, जणू ओसरीवर कुणी येऊन बसलंय. हातातलं निरांजन तसंच धरून मी बाहेर आले. हे खुर्चीत, डोळे मिटलेले, गालांवर पाणी.

"काजलची आई," हे हळूच म्हणाले, "श्वास ऐकू आला."

त्या रात्री ह्यांनी दुसरी पोळी मागितली. मी तिसरी वाढली, ती वाढताना माझे हात जुळलेलेच होते म्हणा ना. दुसऱ्या दिवशी ह्यांनी दुकानदाराला फोन केला: "तुम्ही सांगतलं तसंच झालं साहेब. वाजून वाजून मोकळे झाले. ठेवून घेतो." मी मात्र गल्लीत पेढे वाटले आणि सगळ्यांना सांगितलं, हे माझ्या शनिवारांचं फळ. दिवाळी आली, गेली. मुदत संपली. घरात रोज बासरी.

मग त्रिपुरी पौर्णिमा आली. पोती रिक्षात घालून आम्ही बायका देवळात गेलो. संध्याकाळी लाख वाती पेटल्या. तो उजेड मला सांगता येणार नाही. राबियाभाभी आमच्याबरोबर देवळासमोरच्या रस्त्यापर्यंत आल्या होत्या, त्या तिथूनच म्हणाल्या, "आमचा कापूस किती सुंदर जळून राह्यला!" उरलेला कापूस मी देवळातच देऊन टाकला. भरल्या मनाने घरी आले, गोधड्या धुवायला टाकल्या.

सकाळी ह्यांनी बटण दाबलं. एसटी आली.

हे पांढरे पडले. आधी लाइटला दोष दिला, मग वायरीला, मग मला. ("तू पुसलंस काय त्याले?") मग म्हणाले, "परवापर्यंत खोलीत जे जे होतं, ते सगळं जागच्या जागी पाहिजे!" उतरवलेला आकाशकंदील पुन्हा चढला. राबियाभाभी वाटी परत करायला आल्या होत्या, त्यांना परवासारखंच दारात उभं केलं. आत्याबाईंची खाट होती तिथे सरकवून, त्यांना त्याच हिरव्या लुगड्यात बसवलं.

"मले काऊन इथं बसोलं?" आत्याबाई म्हणाल्या. "मी काय स्पीकरचा पार्ट आहे?"

"माय, तू फक्त बस. बोलू नको."

"बोलत नाही बापा. पण खोकल आली तं काय करू? अन् एक सांगते. हिनं ती कापसाची पोती नेली तवापासून माही खोकल मले दोनदा ऐकू येते. एकदा मी खोकलते, मंग भिंत खोकलते."

हे जागीच थांबले. एक टाळी वाजवली. टाळी भिंतीवरून परत आली. मग रिकाम्या कोपऱ्यांकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"त्या पोत्यांत काय होतं?"

"देवाचं होतं, अजी."

"देवाचं म्हणजे काय?"

"वाती."

"मंग आता कुठं हायेत?"

"लावल्या."

"सगळ्या?"

"लाखाचा नेम होता. नव्याण्णव हजार लावून कसं चाललं असतं?"

हे खुर्चीत बसले. मला वाटलं आता स्फोट होणार. मुदत गेली होती, वाती गेल्या होत्या, आणि दोन्ही मीच घालवल्या होत्या. पण हे हसायलाच लागले.

"तिथं गालिचा होता. पडदे होते, सोफे होते, माणसं होती. अन् मले वाटलं मी स्पीकर ऐकून आलो. मी तं खोली ऐकून आलो होतो! आणले मात्र स्पीकर."

मला हसू येईना. "म्हणजे माझे शनिवार वाया गेले? बालाजीनं काहीच ऐकलं नाही?"

"ऐकलं वं बाई," आत्याबाई म्हणाल्या. "पण त्यालेही कापसातूनच ऐकू आलं."

एवढा दिलासा मला पुरला. ह्यांनी लगेच शकूरभाईंना बोलावलं. त्यांनी कुणाच्या तरी लग्नाच्या गाद्या तयार केल्या होत्या, त्या आणून कोपऱ्यांत उभ्या केल्या. श्वास परत आला, आणि नवरीचा मामा गाद्या घ्यायला आला तेव्हा परत गेला. शेवटी हर्षलने कापसाची पोती पाठवली. आणि मग जे झालं ते आधी कुणी सांगितलं असतं तर मी मानलं नसतं: हे माझ्याशेजारी पाट घेऊन बसले आणि वाती वळू लागले.

मी देवळात सगळ्यांना सांगितलं. बायकांचे डोळे विस्फारले. "नशीब काढलंस बाई!" म्हणाल्या. ह्यांची वात तंगड्या ताणलेल्या टोळासारखी होते, ते मी सांगितलं नाही. आमचा ठरावच झाला आहे: वर्षभर लाख वाती स्पीकरमागे, त्रिपुरीला त्या देवापुढे आणि त्याच दिवशी नवीन लाख कोपऱ्यात हजर. देवाला उजेड, ह्यांना श्वास, आणि मला जन्मभराचा नेम, तोही जोडीने. अजून काय मागू?

परवा ह्यांनी मला पहिल्यांदाच त्या मधल्या खुर्चीत बसवलं. "डोळे मिट, अन् नुसतं ऐक." शनिवारचा उपास होता, दिवसभर वाती वळलेल्या. मी डोळे मिटले. बासरी अशी आली, अशी आली, की पुढचं मला जागी झाल्यावर आत्याबाईंकडूनच कळलं.

ह्यांनी म्हणे बसल्या जागेवरून पुण्याला दुकानदाराला फोन लावला होता. "साहेब, आज काय खर्ज लागून राह्यला! भरदार! जमिनीतून येऊन राह्यला!" तिकडून तो म्हणाला, या बासरीत एवढा खर्ज नाही, एकदा स्पीकर बंद करून पाहा.

ह्यांनी दोन्ही स्पीकर बंद केले. खर्ज चालूच होता.