नोटेवरचं नाक

यातला एक तरी शब्द खरा मानून दाखव गं शेजारणी, मग तुला मानलं!

एक होता रोखपाल, बँकेतला. त्याच्या बायकोचं नाक म्हणजे, माझं बघ आणि त्यात थोडी भर घाल. (थोडीच. तोंडावर जागा तरी हवी ना.)

बँकेत वादविवाद ठरला, देशाच्या नोटेवर बाईचं चित्र हवं की नको? हा 'नको'वाला. घरी येऊन मिशी पिळत म्हणाला, "अगं, नोटेला रुबाब लागतो. बाई कशी शोभेल?"

"आणि हरलात तर?"

"जन्मभर सकाळचा चहा मी करीन!"

पठ्ठ्याला चहाचं भांडं कुठे असतं तेही ठाऊक नव्हतं.

मग त्याच्या डोक्यात किडा वळवळला. नोटेवर बाई कशी ध्यान दिसते ते सगळ्यांना दाखवायचंच! बायकोलाच बसवली समोर आणि मोठ्या कागदावर नोट रंगवायला घेतली. नाक असं काढलं, की नोटेचा आकडा पार कोपऱ्यात ढकलावा लागला.

"अगं, दूध उतू चाललंय!"

"नोटेवरची माणसं दूध बघायला उठतात होय?"

गेलं दूध. तो धावला ओटा पुसायला, तशी ही उठली. काडी तेलात बुडवली आणि कागदाच्या पाठीवर नवऱ्याचं तोंड काढलं. झोपलेलं, आ वासलेलं, मिशीसकट. शाळेत चित्रकलेत भोपळा मिळवलेला हात, पण घोरणं हुबेहूब उतरलं.

"हा तेलकट डाग कसला?"

"माझं डोकं टेकलं असेल हो."

पटलं त्याला!

दुसऱ्या दिवशी भाषण ठोकून त्याने कागद पुढे दिला. आता बँकेतल्या लोकांची खोड. नोट हाती आली की आधी उजेडात धरायची, आतलं पुसट चित्र बघायचं, मगच बोलायचं. मॅनेजरांनी सवयीने धरला कागद खिडकीकडे.

"अहो रोखपाल, नोट अस्सल आहे! पुढे बाई रुबाबात, आणि आत पुसट नवरा घोरतोय. आमच्या घरी हीच चालते!"

हसून हसून लोक खुर्च्यांवरून घसरले. सगळे हात बाईच्या बाजूने वर.

शब्दाला मात्र पक्का निघाला हो. सकाळी चहा हजर. बायकोने मिजाशीत घोट घेतला, तर पायपुसणं उकळल्यासारखी चव! थुंकावा तर जिंकलेली पैज वाया जातेय, गिळावा तर जीव जातोय. तेव्हापासून रोज पितेय बिचारी. जिंकली ना!

हसतेस काय दात काढून? पळ आता इथून. तो बघ, तुझ्यासाठीही कप घेऊन येतोय.