पेनका कुंपणापलीकडे

पेनका गेल्याचा आज चाळिसावा दिवस होता, आणि ती शेवटी आली. पण आली ती शेजारणीकडे!

तिचा नवरा दोब्री तिच्या नावानं शिजवलेल्या गव्हाची वाटी घेऊन सकाळपासून पायरीवर बसला होता. माणूस गेलं की त्याचा जीव चाळीस दिवस घराभोवती घुटमळतो, पाखरू होऊन भेटतो आणि मग कायमचा निघतो, याबद्दल त्या बल्गेरियन खेड्यात कुणालाच शंका नव्हती. पेनकाला दवाखान्यात नेलं तेव्हा दोब्री द्राक्षमळ्यात होता. निरोप राहून गेला होता. तो त्याला आज घ्यायचा होता.

आणि भर उन्हात शेजारच्या स्तोयनाच्या पेटुनियाच्या फुलांवर एक पतंग गुणगुणत होता. मधमाशीसारखा आवाज, लांब सोंड, फुलावर न टेकता हवेतच थांबायचं. दोब्रीने तिला लगेच ओळखलं. पेनकासुद्धा कुणाकडे बसत म्हणून नसे, उभ्या उभ्याच बोलायची. पण स्तोयनाशी तर तिचा एका कोंबडीवरून कित्येक वर्षं अबोला होता!

त्याने खिडकीचा जाळीचा पडदा ओरबाडून काढला, कुंपणावर चढला आणि पडद्यासकट कुंड्यांवर कोसळला. स्तोयना झाडू घेऊन धावली.

"बायकोचं चाळिसावं, आणि तू माझ्या फुलांत लोळतोस?"

"पेनकाला न्यायला आलोय. मुकाट्यानं दे!"

"कुठाय पेनका?"

त्याने बोट दाखवलं. स्तोयनाने उगारलेला झाडू हळूच खाली घेतला.

"जिवंतपणी तुझ्या दारात पाऊल टाकलं नाही तिनं," दोब्री म्हणाला. "मग आत्ताच कशी आली?"

"तिची फुलं वाळवून टाकलीस, मेल्या. तुझ्याकडे येऊन खाईल काय, गहू?"

दोब्रीने कुंपणापलीकडे आपल्या वाळक्या कुंड्यांकडे पाहिलं. या दिवसांत त्याला स्वतःच्या जेवणाची शुद्ध नव्हती, तिथे फुलांना पाणी कोण घालणार! स्तोयनाने एक धड कुंडी उचलून त्याच्या हातात दिली. "दारात ठेव. येईल."

त्याने ठेवली. पतंग काही आला नाही. उलट पलीकडून स्तोयनाचा आवाज येऊ लागला.

"पेनके, तुझी तांबडी कोंबडी माझ्याच कुत्र्यानं खाल्ली गं. मी उगाच कोल्ह्याचं नाव घेतलं..." आणि ती हुंदके देऊ लागली.

दोब्री हाक मारायला उठला आणि पुन्हा खाली बसला. त्या दोघींच्या मध्ये तो जन्मात कधी बोलला नव्हता. त्याने कुंडी कुंपणापाशी सरकवली आणि आपली पाळी यायची वाट पाहत राहिला. स्तोयनाचं बरंच साठलेलं होतं, आणि ऊन उतरत चाललं होतं.