मी घरीच होते!

माझ्यावर पाळत ठेवून मला फसवणारा माणूस अजून जन्माला यायचाय! ही फुशारकी नाही, अनुभव आहे. ब्राँक्समधल्या एकाच इमारतीच्या एकाच चौथ्या मजल्यावर एकतीस वर्षं काढली की बाईच्या पाठीलासुद्धा डोळे फुटतात. पत्रपेट्यांशी कोण उगाच रेंगाळतंय, लिफ्टमध्ये कोण बटण दाबायच्या आधी माझ्या मजल्याकडे बघतंय, सगळं मला बरोबर कळतं.

आणि संशय घेऊ नको तर काय करू? माझं भाडं जुनं, कायद्याने बांधलेलं. शेजारी नवीन येणारी माणसं त्याच दोन खोल्यांना माझ्या तिप्पट मोजतात. मी मेले तर मालक कंपनी फुलं पाठवील, आणि फुलांच्या मागोमाग रंगारी! पण जिवंत नीदिया किन्योनेसला बाहेर काढायला त्यांच्याकडे एकच सरळ वाट आहे. बाई इथे राहतच नाही, हे सिद्ध करायचं. वर्षातले निम्म्याहून जास्त दिवस तुम्ही त्या घरात राहिला नाहीत की घर गेलं! दुसऱ्या मजल्यावरचे म्हातारे ओर्लान्स्की असेच गेले. मुलाकडे समुद्राकाठी जाऊन राहिले, आणि कंपनीने कोर्टात त्यांचे फोटो आणले. चड्डीवरचे!

हे सगळं माहीत असून मी काय केलं? ऑगस्टात ओरलँडोला लेकीकडे गेले ती एप्रिलात परत आले!

गेले होते दोन महिन्यांसाठी, जुळ्यांच्या बाळंतपणाला. पण त्या दोन गोळ्यांनी माझी दोन बोटं अशी घट्ट धरली की म्हटलं, दात येईपर्यंत थांबू. दात आले. मग म्हटलं, बसायला लागेपर्यंत. घराची किल्ली होती समोरच्या अल्ताग्रासियाकडे. अल्ता म्हणजे माझी जिवाची मैत्रीण. निघताना तिला बजावून सांगितलं होतं, "घरात माणूस आहे असं वाटलं पाहिजे! दिवा लाव, टीव्ही लाव, जरा इकडून तिकडे चाल."

"तू काळजीच करू नकोस!" अल्ता म्हणाली होती. खरं तर काळजी त्याच क्षणी सुरू करायला हवी होती.

परतले तर इमारतीच्या दारातच बेस्निक! बेस्निक आमचा सुपर. तळघरात राहतो, बॉयलर आणि कचरा सांभाळतो, आणि पगार कंपनीकडून घेतो. त्याच्याशी बोलताना मी जीभ मोजून वापरते.

"मिस नीदिया! बऱ्याच दिवसांनी! काय रंग आलाय हो!"

ब्राँक्सच्या हिवाळ्यात माणसं मुळ्यासारखी पांढरी पडतात, आणि मी भाजलेल्या रताळ्यासारखी उभी!

"गाजरं," मी म्हटलं. "रोज गाजरं खाते."

"आणि ही बॅग?"

"गाजरंच आहेत!"

त्याने दार उघडून धरलं. मी चाकांच्या बॅगेतून दोन मण गाजरं ओढत लिफ्टमध्ये शिरले आणि ठरवलं, आता डोळ्यांत तेल घालून राहायचं.

दुसऱ्याच दिवशी तो दिसला. उंच, वाळका, उन्हाळी कोट घातलेला. पत्रपेट्यांपाशी उभा राहून छोट्या वहीत काहीतरी लिहीत होता. मी मागून चवड्यांवर गेले आणि वाचलं. "४-डी. मंगळवार. गुरुवार." ४-डी म्हणजे माझं घर! एवढ्यात त्याने खिशातून दोन दातांचा पोलादी चिमटा काढला, गुडघ्यावर आपटला आणि कानाला लावला. सरळ माझ्या डोळ्यांदेखत!

मी धावत अल्ताकडे. "अगं, कंपनीने हेर बसवलाय! यंत्र लावून ऐकतोय!"

"तो? तो हॅस्किन्स. तुझ्या खालच्या घरात आलाय नोव्हेंबरात. भला माणूस आहे गं."

"भला माणूस मंगळवार-गुरुवार लिहितो? तो माझी हजेरी मांडतोय, अल्ता! कुठल्या दिवशी मी घरात नाही ते!"

अल्ता का कोण जाणे, एकदम भांडी घासायला लागली. स्वच्छ भांडी.

ठीक आहे, म्हटलं. तुला हजेरी हवीय ना? घे हजेरी! त्या दिवसापासून मी घरात असल्याची अशी दवंडी पिटली की मेलेलासुद्धा उठून "आहे हो बाई, आहे" म्हणाला असता. घरात चपलांऐवजी लाकडी तळव्यांचे बूट. सकाळी खुर्च्या पूर्वेकडून पश्चिमेकडे, संध्याकाळी पश्चिमेकडून पूर्वेकडे. दार सताड उघडं टाकून लसूण आणि मिरच्यांची फोडणी. इतका लसूण की तिसऱ्या मजल्यावरची मांजर शिंकायची. वर माझं गाणं! जिन्यात हॅस्किन्स भेटला की डोळे खोल गेलेले, वही हातात. लिही बाबा, लिही! वही संपली तर नवीन आणून देते!

आठवड्याने त्यानेच माझं दार वाजवलं. हातात कागद.

"माफ करा, मॅडम. ४-डीमध्ये तुम्हीच राहता?"

"एकतीस वर्षं!"

"आणि या हिवाळ्यात? म्हणजे तुमच्याऐवजी दुसरं कुणी..."

"दुसरं कोण असणार? माझं घर, मीच असणार!"

"नोव्हेंबरपासून? दर मंगळवारी आणि गुरुवारी, संध्याकाळी सहा ते साडेसात?"

"एकही चुकला नाही! मी घरीच होते!"

त्याचा चेहरा पडला. पडणारच! माझी छाती इमारतीच्या छताला टेकली.

"हे असं लिहून द्याल का तुम्ही? सही करून?" त्याने भीतभीत विचारलं.

लिहून द्याल का! बरोब्बर माझ्या जाळ्यात! हेराच्या हातात त्याच्याच मालकाविरुद्धचा पुरावा! मी सही केली, सहीखाली रेघ ओढली, रेघेखाली तारीख घातली. वर त्याला डबाभर भात दिला, तुरीच्या ओल्या दाण्यांचा. त्याने डबा उघडून आधी वास घेतला. संशयी माणूस!

पंधरा दिवसांनी कंपनीच्या वकिलाचं पत्र आलं. मी ते उभ्याने उघडलं आणि बसून वाचलं. त्यात लिहिलं होतं की भाडेकरू नीदिया किन्योनेस संपूर्ण हिवाळाभर, दर मंगळवारी व गुरुवारी, आपल्या घरात किमान सात माणसांना नाचवत होत्या. खालचे भाडेकरू श्री. हॅस्किन्स पियानोचे सूर जुळवण्याचा व्यवसाय करतात, त्यांनी पावलं मोजली आहेत. राहत्या घरात नाचाचा वर्ग चालवणं हा करारभंग आहे, सबब घर खाली करावं. सोबत बाईंचा स्वतःच्या सहीचा कबुलीजबाब. सहीखाली रेघ!

मी पत्र घेऊन समोरच्या दारात. "अल्ताग्रासिया!"

पूर्ण नाव ऐकल्यावर ती हातातला स्वयंपाक सोडून बाहेर आली. "आता ओरडू नकोस. तूच म्हणालीस, घरात माणूस आहे असं वाटलं पाहिजे."

"माणूस! एक माणूस!"

"चर्चच्या हॉलचा बॉयलर बंद पडला होता गं. बायका मेरेंगे नाच शिकायच्या कुठे? तुझी खोली मोठी, रेडिएटर गरम. आम्ही सातच जणी! आणि तुला सांगते, फेलिसिताचा गुडघा इतका सुधारला..."

"माझं घर चाललंय अल्ता, आणि तू गुडघे सांगतेस?"

ती हळूच म्हणाली, "मी कोर्टात येऊन खरं सांगते ना. तू नव्हतीस, आम्ही होतो."

"सांग! म्हणजे नाच माफ होईल, आणि 'बाई इथे राहतच नाही' म्हणून त्याच दिवशी बाहेर काढतील!"

आम्ही दोघी माझ्या घरी येऊन सोफ्यावर बसलो. मी खोलीकडे बघत होते. याच भिंतीला टेकून लेकीने पहिलं पाऊल टाकलं होतं. पेन्सिलीने तिची उंची मी दाराच्या चौकटीवर मांडलेली. रंगारी आला की एका हातात जाईल सगळं. घरी नव्हते म्हणाले तरी घर गेलं. घरी होते म्हणाले तरी घर गेलं.

घरभाड्याच्या कोर्टात न्यायाधीश शेवटी येतो. खरा न्याय बाहेर, कॉरिडॉरमध्ये, बाकांच्या मधल्या जागेत होतो. कंपनीची वकील, प्रुइट नावाची, हातात फायलींची चवड घेऊन एकेका भाडेकरूला नावाने पुकारत होती. एका बाजूला हॅस्किन्स, एका बाजूला अल्ता, मध्ये मी, इस्टरचा ठेवणीतला कोट घालून.

"मिस किन्योनेस? माझ्याकडे अशा चाळीस फायली आहेत, म्हणून थोडक्यात सांगते. तुम्ही स्वतः नाचत असाल तर तो नुसता आवाज. जमिनीचा ऐंशी टक्के भाग गालिच्याने झाका, सही करा, घरी जा. पण वर्ग चालवत असाल तर तो धंदा. मग घर सोडायचं."

मी अल्ताकडे पाहिलं. अल्ता छताकडे पाहत होती.

"मी एकटीच नाचत होते," मी म्हटलं.

"एकट्या? या गृहस्थांनी सात माणसं मोजलीत."

"किमान सात," हॅस्किन्स नम्रपणे म्हणाला. "मॅडम, मला पियानोची एक तार ढिली असली तरी रस्त्यावरून कळतं. त्या सात होत्या. एक तर थोडी लंगडत होती."

फेलिसिता!

"तो माझा उजवा गुडघा," मी म्हटलं.

"मग नाचून दाखवा," प्रुइट घड्याळाकडे बघत म्हणाली.

"इथे?"

"मला तासाभरात नऊ माणसांना भेटायचंय."

"इथून मला सांगता येणार नाही," हॅस्किन्स मध्येच म्हणाला. "मी ते नेहमी खालून ऐकलंय." आणि तो प्रामाणिक माणूस खरोखरच जिना उतरून खालच्या मजल्यावर गेला!

मी कोट काढून अल्ताच्या हातात दिला. अल्ताने टाळ्यांचा ठेका धरला. बाकावरच्या एका आजोबांनी काठी आपटून साथ दिली. आणि मी, साठीला टेकलेली, आयुष्यात लग्नांपलीकडे कुठे न नाचलेली बाई, कोर्टाच्या फरशीवर मेरेंगे नाचले! घरासाठी नाचले. चौकटीवरच्या पेन्सिलीच्या रेघांसाठी नाचले. उजवा पाय ओढला, डावा आपटला, गिरकी घेतली, गिरकीतून परत येताना पाण्याचं मशीन धरलं. पहारेकरी "बाई, बाई!" करत धावत आला आणि कठड्याला टेकून बघत उभा राहिला. सगळा कॉरिडॉर टाळ्या वाजवत होता. चाळीस फायलींची माणसं, सगळ्यांचीच घरं टांगलेली!

संपलं. मी धापा टाकत बाकावर बसले. जिन्यात पावलं वाजली. हॅस्किन्स वर आला तो कपाळ पुसत, भूत पाहिल्यासारखा.

"काय?" प्रुइटने पेन उघडलं.

त्याने माझ्याकडे पाहिलं, अगदी आदराने.

"तेच आहेत," तो म्हणाला. "सातही जण."

प्रुइटने भराभर लिहिलं, "भाडेकरू संपूर्ण हिवाळाभर सदर घरात हजर होती व एकटी नाचत होती, याची खात्री केली." खाली कंपनीची सही, तिच्याखाली माझी. घर वाचलं! बाई घरीच होती, हे कंपनीने स्वतःच्या सहीने लिहून दिलं! मी कागद कोटाच्या आतल्या खिशात घातला. हसावं की रडावं, कळेना.

लिफ्ट आली. आत दोन माणसं उभी होती. अल्ता तिसरी शिरली आणि दार धरून म्हणाली, "चल ना गं!"

दारावर पाटी होती, जास्तीत जास्त नऊ माणसं.

मी मनातल्या मनात बेरीज केली आणि म्हटलं, "तुम्ही व्हा पुढे. मी पुढच्या खेपेला येते."