कोळपिंपरीच्या हद्दीतला टप

निवृत्ती ताजणेच्या पिकअपचा टप कोळपिंपरी गावच्या हद्दीत येतो आणि चाकं वाघदऱ्याच्या हद्दीत. गाडी कुठंही गेली तरी यात फरक पडत नाही.

आठ वर्षांपूर्वी या दोन गावांच्या शिवेची मोजणी झाली, त्या दिवशी गाडी नेमकी शिवेवरच्या उतारावर उभी होती. मोजणीदाराची रेघ वरच्या बांधावरून निघाली ती गाडीच्या खिडकीच्या कडेतून आडवी पार गेली. दुसऱ्या दिवशी गाडी तिथून हलली, पण तोवर नकाशावर सह्या झाल्या होत्या. तेव्हापासून काचेखालची गाडी वाघदऱ्याची आणि काचेपासून वरची कोळपिंपरीची. टोमॅटोचे क्रेटही तसेच लावतात, खालच्या थरात वाघदऱ्याचा माल, वर कोळपिंपरीचा. कोळपिंपरी ही निवृत्तीची सासुरवाडी. म्हणजे गाडी चालवताना तो छातीपासून वर सासुरवाडीत असतो, म्हणून स्टेअरिंगवर बसताना धुतलेली टोपी घालतो.

माझं तालुक्याच्या गावी वायरलेस सेटचं दुकान आहे. घाटात मोबाइलला रेंज नाही, त्यामुळे मालाच्या गाड्यांवर सेट बसवायचं काम मला बारमाही असतं. निवृत्ती दुकानात आला, पाऊण तास बाकावर बसला आणि म्हणाला, "अँटेना." बाकीचं मी खोदून खोदून काढलं. त्याची बायको मंदा चार महिन्यांपासून माहेरी होती. भांडण झालेलं नव्हतं. भांडायला निदान दोघांनी बोलावं लागतं. अकरा वर्षं या गृहस्थाने तिला "हं"च्या पुढे उत्तर दिलं नव्हतं. जाताना ती एवढंच म्हणाली होती, की तोंडाने "घरी चल" म्हणाल तेव्हा येईन.

घोळ असा, की सासुरवाडीत जावयाने तोंडाने काही मागायचं नसतं. कोळपिंपरीत ही रीत फार कडक आहे. जावयाने मागितलं तर गावाला ते द्यावंच लागतं, म्हणून लाजेकाजेने कोणी मागत नाही. निवृत्ती दर रविवारी जायचा, चहा प्यायचा, मेव्हण्यांपुढे टोपी सावरत बसायचा आणि परत यायचा. रेडिओवर समोर माणूस दिसत नाही, तिथं आपल्याला जमेल असं त्याला वाटत होतं. एक सेट त्याने दुधाच्या गाडीतून मंदाकडे आधीच पाठवला होता. मला त्याचं फार वाईट वाटलं आणि तितकाच रागही आला. अकरा वर्षं म्हणजे काही थोडा काळ नाही.

आता कामाचं. अँटेना टपाच्या मधोमध बसली पाहिजे, म्हणजे आवाज चारी बाजूंना सारखा जातो. भोक पाडायचं, भोकाभोवतीचा रंग खरवडून पत्रा उघडा करायचा, मग नट आवळायचा. बंपरला परवानगी लागली नसती, तो वाघदऱ्यात येतो. पण बंपरवरून निघालेला आवाज क्रेटना धडकून तिथंच राहतो. बंपरला अँटेना लावून देणाऱ्यांना मी कारागीर मानत नाही. म्हणून टपच, आणि टपाला भोक म्हणजे कोळपिंपरीच्या जमिनीत खोदकाम.

ग्रामसेवक डामसे भाऊसाहेब भला माणूस, पण नियमाबाहेर पाऊल टाकायचा नाही. भोक न पाडता चुंबकाने चिकटणारी अँटेना नुसती वर ठेवली तर चालेल का, असं मी विचारलं. ते अतिक्रमण होईल, असं ते म्हणाले. रीतसर अर्ज करावा म्हटलं तर त्यांनी निवृत्तीच्या हातातून कागद काढून घेतला. "पाहुणे, तुम्ही मागायचं नाही," ते म्हणाले, "आम्ही समजून घेऊ." सहा आठवडे ते समजून घेत होते. शेवटी अर्ज मी केला, माझ्या नावाने.

हरकतींची नोटीस जागेवर लावावी लागते. डामसे स्वतः शिडीने चढले आणि टपावर खळ लावून नोटीस चिकटवून उतरले. पंधरा दिवस ती नोटीस घेऊन गाडी बाजारात जात-येत होती. ज्यांना वाचायची होती ते रविवारी गाडी गावात आली की वर चढून वाचत. मुदत संपता संपता एकच हरकत आली. खाली नाव होतं, मंदा निवृत्ती ताजणे, सध्या राहणार कोळपिंपरी.

निवृत्तीचा चेहरा पडला. मीही मनात म्हटलं, संपलं.

सुनावणी ग्रामपंचायतीच्या ओट्यावर झाली. वादातली जागा हजर पाहिजे म्हणून गाडी ओट्यापुढे लावली होती. मंदा सेट पदराखाली धरून आली. नवऱ्याकडे तिने पाहिलं नाही, पण त्याच्या टोपीकडे पाहिलं. हरकत काय, असं डामसेंनी विचारलं.

"अँटेनाला माझी ना न्हाई," ती म्हणाली. "पण ही काठी बसवून ह्यांनी तिकडूनबी हं म्हणायचं असंल, तर गावाच्या जागंत भोक कशाला?"

मुद्दा रास्त होता. डामसेंनी तो लिहून घेतला आणि माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, बोलून बघितल्याशिवाय कळायचं नाही. तेव्हा चाचणीपुरतं खोदकाम करायला परवानगी मिळाली. मी भोक पाडलं, पत्रा चकचकीत होईपर्यंत खरवडला, अँटेना उभी केली, मीटर लावून लांबी जुळवली. काम असं उतरलं की माझं मलाच बरं वाटलं. निवृत्ती गाडीत जाऊन बसला आणि मंदा शाळेच्या पलीकडे, आडोशाला. अख्खं गाव मध्ये उभं राहिलं.

ओट्यावर चालू ठेवलेल्या माझ्या सेटमधून बराच वेळ नुसती खरखर येत होती. एका म्हाताऱ्याने चंची सोडली, पान जुळवलं, खाल्लं, तरी खरखरच. मला वाटलं, जाऊन याच्या टोपीखाली एक ठेवून द्यावी. मग सेटमधून आवाज आला.

"मंदा." पुन्हा खरखर. "घर लई मोठं वाटतंय. चल घरी."

डामसे उठून उभे राहिले आणि त्यांनी जाहीर केलं, की जावयाने मागितलं आहे, सबब गाव देत आहे.

मंदा शाळेच्या कोपऱ्यावरून तरातरा आली. "गाव कोण देणार? मी काय क्रेट हाय?" ती म्हणाली. "त्यांनी इचारलंय ते मला. मी इचार करीन. आन् इचार होईस्तवर गावची हद्द सोडायची न्हाई."

डामसेंनी हेही लिहून घेतलं. मग त्यांनी नकाशा मागवला, ओट्यावर पसरला, त्यावर बोट फिरवलं, गाडीकडे पाहिलं आणि काहीच हरकत नाही असं सांगितलं. मंदाने पिशवी वर टाकली, ती शिडीने टपावर चढली आणि अँटेनाशेजारी मांडी घालून बसली. भावाने सतरंजी आणून दिली. गाडी सावकाश वाघदऱ्याला गेली.

याला आता दीड वर्ष झालं. गाडी रात्री वाघदऱ्यात दाराशी उभी असते. टपावर पत्र्याची लहानशी शेड आहे, तिचा दाखला कोळपिंपरीने दिला. चूल खाली अंगणात आहे, ती निवृत्ती पेटवतो. मंदाचा विचार अजून चालू आहे, आणि घाई करा असं तिला कोणी म्हणत नाही.

गेल्या बुधवारी घाटात मी त्यांच्या मागे होतो. माझा सेट चालू होता. निवृत्ती सांगत होता, की वळणावरच्या उंबराला यंदा किती फळ आलंय, हॉटेलवाल्याने म्हैस विकली, पहिल्या वर्षी तू केलेली डाळ आवडली होती ते सांगायचं राहूनच गेलं. तो बटण सोडतच नव्हता, आणि बटण सोडल्याशिवाय दुसऱ्याला बोलता येत नाही. घाट संपेपर्यंत त्याचं चालू होतं. वळणावर गाडी आडवी झाली की दिसायचं, मंदा सेट कानाशी धरून, क्रेटला पाठ टेकून बसली होती. पुढे जायला जागा होती तरी मी गाडी मागेच ठेवली.