गोटूचे सात मिलिमीटर

मुलांना घेऊन कुठल्या थीम पार्कला जायचं, यावरून लोकांच्या घरात भांडणं होतात म्हणे. मला तर हसूच येतं! अहो, भांडायचं काय त्यात? एक कागद घ्या, मधोमध रेघ मारा, अलीकडे एक पार्क, पलीकडे दुसरं. पंधरा मिनिटांत निकाल! मी पेशाने मोजणीदार आहे. एकमेकांचं तोंड न बघणाऱ्या दोन सख्ख्या भावांच्या मधून हद्द काढून देणारा माणूस मी! दोन पार्कांतून एक निवडणं म्हणजे माझ्या डाव्या हातचा मळ, असं मी जेवताना जाहीर करून टाकलं.

"बघू या," बायको म्हणाली. ती फिजिओथेरपिस्ट आहे. दिवसभर लोकांच्या पाठी दाबते, घरी आल्यावर मोजकंच बोलते.

आम्हाला दोन मुलं. थोरली सात वर्षांची, तिला सगळे ताईच म्हणतात. धाकटा साडेचार वर्षांचा, तो गोटू. पार्कही दोनच. एक 'गगनभरारी': गरगर फिरणारे पाळणे, बोगद्यातून सुसाट जाणारी गाडी, उंचावरून पाण्यात धपकन पडणारी होडी. दुसरं 'चिमणबाग': बुटकी घरं, बदकांच्या घसरगुंड्या, ससे. एक गावाच्या या टोकाला, दुसरं त्या टोकाला, आणि आम्हा दोघांना मिळून सुट्टी एकच दिवसाची.

मी कागदावर रेघ मारली. तेवढ्यात ताई लॅपटॉपसमोर जाऊन बसली. तिला हल्लीच नीट वाचता यायला लागलंय, त्यामुळे ती औषधाच्या बाटलीपासून चपलेच्या तळापर्यंत सगळं मोठ्याने वाचते.

"गगनभरारी. एकशे पाच सेंटिमीटरपेक्षा कमी उंचीच्या मुलांना मोठ्या खेळांवर प्रवेश नाही," तिने वाचलं. "चिमणबाग. एकशे पंधरा सेंटिमीटरपेक्षा उंच मुलांना कुठल्याही खेळावर बसता येणार नाही. बाबा, मी किती आहे?"

मी टेप काढली. ताई एकशे अठरा. गोटू एकशे चार पूर्णांक चार.

म्हणजे एका पार्कात ताई रडणार, दुसऱ्यात गोटू! अशी हद्द मी बावीस वर्षांत पाहिली नव्हती. कागदावरच्या रेघेच्या दोन्ही बाजू कोऱ्याच राहिल्या.

"पंधरा मिनिटं झाली," बायको म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दात घासायच्या आधीच मी गोटूला पुन्हा भिंतीला उभं केलं. या खेपेला सपाटी बघायची पाणसळ लावली, ओळंबा सोडला, टाचा भिंतीला टेकवल्या, केस दाबले. एकशे पाच पूर्णांक एक!

मी भिंत तपासली. फरशी तपासली. टेप तपासली. गोटूला फिरवून पाठीकडून तपासला. एकशे पाच पूर्णांक एक!

"अगं, हा एका रात्रीत सात मिलिमीटर वाढला!"

"रात्रीत सगळेच वाढतात," ती डबे भरता भरता म्हणाली. "मणक्यांच्या मधे गादीसारख्या चकत्या असतात. दिवसभर उभं राहिलं की दबतात, आडवं झालं की फुगतात."

"हे तू मला आजपर्यंत कधी सांगितलं नाहीस?"

"तुम्ही विचारलंत कधी?"

आता सांगा, बावीस वर्षं मोजमापात घालवलेल्या माणसाला हे कळल्यावर तो स्वस्थ बसेल का? आठवडाभर मी दिसेल त्याला मोजत सुटलो. बायको सकाळ-संध्याकाळ नऊ मिलिमीटर. इमारतीचा रखवालदार बारा, कारण तो उभाच असतो. ऑफिसात साहेबांना मोजलं, तर ते संध्याकाळपर्यंत चौदा मिलिमीटर कमी! मी ते फळ्यावर लिहिलं, ही माझी चूक झाली. साहेब तीन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. शिपाई मात्र सांगत होता, दुपारी ते केबिनमध्ये टेबलावर आडवे पडलेले असतात.

गोटूला तर मी दर दोन तासांनी मोजत होतो. त्यालाही भलतीच गंमत वाटायला लागली.

"बाबा, माझी उंची दुपारी कुठे जाते?"

"कुठे जात नाही रे. तू जरा आखडतोस."

"मग पायात येते का?"

या प्रश्नावर मी अर्धा तास विचार केला. शेवटी वहीत तक्ता तयार झाला. उठल्याबरोबर एकशे पाच पूर्णांक एक. दीड तास उभा राहिला की एकशे पाचच्या खाली. पण आडवाच ठेवला तर? मी एका रविवारी त्याला जेवणापर्यंत झोपवून ठेवला, गोष्टी सांगितल्या, मग मोजला. एकशे पाच पूर्णांक एक!

"ठरलं! गगनभरारी!" मी ओरडलो. "फक्त गोटूला फाटकापर्यंत आडवा न्यायचा!"

बायकोने माझ्याकडे बघितलं. पाठीच्या पेशंटकडे ती अशीच बघत असणार. "एकाच अटीवर," ती म्हणाली, "गाडीत तो पट्टा लावून नीट बांधलेला असेल. आणि फाटकापाशी तुम्ही शहाण्यासारखं वागाल."

मी दोन्ही कबूल केलं.

सुट्टीच्या दिवशी गोटूने आडव्यानेच दात घासले, म्हणजे उशीनेही घासले. दूध नळीने प्यायला. गाडीतली पुढची सीट सपाट करून मी त्याला पट्ट्यात घट्ट बसवला, म्हणजे निजवला. दीड तास तो छताकडे बघत "आता काय दिसतंय?" विचारत होता आणि ताई मागून खिडकीबाहेरची वार्ता देत होती. सगळं अगदी आखल्याप्रमाणे!

पार्कापाशी बायको आणि ताई तिकिटांच्या रांगेत गेल्या. मी गोटूला दोन्ही हातांवर आडवा घेतला आणि फाटकाकडे निघालो. साडेचार वर्षांचा मुलगा असा फळीसारखा धरून चालणं सोपं नसतं. मला घाम फुटला, चेहरा लाल झाला. गोटूला मी बजावलं होतं, अजिबात हलायचं नाही. तो हललाच नाही. डोळेसुद्धा मिटून घेतले!

"अरे देवा! काय झालं बाळाला?" फाटकावरचा पहारेकरी धावत आला.

"काही नाही हो. फक्त त्याला उभं करायचं नाही!"

त्याने जी शिट्टी फुंकली, ती पार होडीपर्यंत ऐकू गेली असणार. दोन माणसं स्ट्रेचर घेऊन आली. पांढऱ्या कपड्यातली एक सिस्टर आली. "मान हलवू नका!" म्हणत तिने गोटूच्या गळ्याभोवती पट्टासुद्धा लावला. मी "अहो ऐका तर" म्हणेपर्यंत गोटू प्रथमोपचाराच्या खोलीत पोचला होता.

"कधी पडला?" सिस्टरने विचारलं.

गोटूने एक डोळा उघडला. "मी पडलो नाही. मला आडवं ठेवलंय."

"का रे बाळा?"

"मी आखडतो."

सिस्टरचा चेहरा गंभीर झाला. तिने कागदावर लिहून घेतलं. "हातपाय आखडतात का सगळं अंग?"

"सगळा," मी म्हणालो. "पण जास्त करून पाठ."

"किती दिवसांपासून?"

"रोजच. सकाळी बरा असतो. उभा राहिला की सुरू होतं. संध्याकाळपर्यंत सात मिलिमीटर."

सिस्टरने लिहिणं थांबवलं. मग मला बसायला सांगितलं, पाणी दिलं आणि माझी नाडी बघितली!

पाऊण तासाने बायको आम्हाला शोधत आली. तिने दोन वाक्यांत सगळा उलगडा केला. काय बोलली ते मला ऐकू आलं नाही, पण सिस्टर आधी माझ्याकडे बघून हसली आणि मग बायकोचा हात हातात घेऊन थोपटला. पट्टा निघाला. गोटू टुणकन उडी मारून उभा राहिला आणि खोलीभर धावला.

"धावू नकोस! दबशील!" मी ओरडलो. पण आता उपयोग नव्हता.

मोठ्या खेळांच्या दारात लाकडी जिराफ होता. त्याच्या मानेवर लाल रेघ, तिच्यापुढे लिहिलेलं 'एकशे पाच'. तिथल्या मुलीने गोटूला जिराफाशी उभं केलं. मी श्वास रोखला. बायकोने श्वास रोखला. ताईने तर डोळेच झाकून घेतले.

गोटूचं डोकं रेघेच्या चांगलं बोटभर वर होतं!

"पास!" मुलगी म्हणाली आणि तिने गोटूच्या मनगटावर नारिंगी पट्टी बांधली. ताईने त्याला मिठी मारली. दोघं उड्या मारत होडीच्या दिशेने निघाली.

इथेच गोष्ट संपायला हवी होती. कुठल्याही शहाण्या माणसाची संपली असती.

"बोटभर?" मी म्हणालो.

"चला आत," बायको म्हणाली.

"अगं, पण बोटभर वर कसा? खोलीभर धावलाय तो! आत्ता तो रेघेला टेकायलासुद्धा नको!"

"अहो. चला."

"एकच मिनिट!"

खरं सांगतो, माझ्या मनात कसलाही वाईट हेतू नव्हता. मला फक्त जाणून घ्यायचं होतं. मी गाडीच्या डिकीतून टेप आणि पाणसळ आणली आणि जिराफापुढे गुडघे टेकले. आधी पाणसळ ठेवली. जमीन सपाट. मग टेप धरली. लाल रेघ होती एकशे तीनवर!

कारणही सापडलं. जिराफ आधी बसवला होता आणि फरशी नंतर घातली होती. फरशीची जाडी दोन सेंटिमीटर! इतका आनंद मला कित्येक दिवसांत झाला नव्हता.

"सापडलं!" मी ओरडलो. "तुमचा जिराफ दोन सेंटिमीटर बुडालाय!"

आवाज ऐकून पार्कच्या व्यवस्थापक बाई आल्या. मी त्यांना फरशी दाखवली, टेप दाखवली, माझं ओळखपत्रही दाखवलं. त्या लक्षपूर्वक ऐकत होत्या. फार समंजस बाई! जिराफाच्या पायाशी बसून त्यांनी स्वतः मोजलं.

"साहेब, तुमचे उपकार झाले," त्या म्हणाल्या. "हा सुरक्षेचा प्रश्न आहे." आणि त्यांनी खिशातून जाड पेन काढून एकशे पाचवर नवी रेघ मारली.

मला अगदी भरून आलं.

मग भोंग्यावर घोषणा झाली. आज नारिंगी पट्टी मिळालेल्या सगळ्या मुलांनी पुन्हा मापासाठी जिराफापाशी यावं!

चोवीस मुलं आली. कुणी होडीत बसता बसता उठवलेलं, कुणी गाडीच्या पहिल्या डब्यातून. एकेक करून ती जिराफाला टेकत होती आणि अकरा जणांच्या पट्ट्या कापल्या गेल्या. "कुणी शोधून काढलं हे?" एका मुलाच्या आजोबांनी विचारलं. दारावरच्या मुलीने अतिशय आदराने माझ्याकडे बोट दाखवलं.

अकरावा गोटू होता. धावून, उड्या मारून आता एकशे चार पूर्णांक सहा.

"अहो, चारच मिलिमीटर तर कमी आहेत!" मी व्यवस्थापक बाईंना म्हणालो. होय, मीच म्हणालो! "पाच मिनिटं जरा आडवा ठेवतो त्याला."

"असं कसं साहेब?" बाई नम्रपणे म्हणाल्या. "तुम्हीच तर दाखवून दिलंत."

बायकोने ताईचा हात धरला आणि दोघी होडीकडे गेल्या. ताई दर चार पावलांनी मागे वळून गोटूकडे बघत होती.

गोटूचा ओठ थरथरला. "बाबा, तुम्ही का मोजलंत?"

मी खाली बसलो आणि म्हणालो, "चुकलंच माझं, राजा." त्याने थोडा विचार केला, माझ्या खिशातली टेप काढून स्वतःच्या खिशात घातली, आणि आसपास बघायला लागला.

कमी उंचीच्या मुलांसाठी तिथे एकच खेळ होता: एका खांबाभोवती फिरणारी छोटी विमानं. बटण दाबलं की विमान वर जातं. बरोबर एक पालक हवाच. आम्ही रांगेत उभे राहिलो. पुढे-मागे त्याच दहा मुलांची कुटुंबं! आजोबा माझ्या बरोब्बर मागे होते आणि त्यांचा श्वास मला मानेवर जाणवत होता.

"पालकांचं वजन पंचाहत्तर किलोच्या आत हवं," विमानवाला म्हणाला. "तुमचं किती, काका?"

मी शहाऐंशी किलोचा आहे. गोटूने माझं बोट घट्ट धरलं होतं.

"चौऱ्याहत्तर," मी म्हणालो.

भोंगा वाजला, विमानं फिरायला लागली, बटणं दाबली गेली. आजोबा वर गेले. सगळी विमानं वर गेली. आमचं तेवढं जमिनीपासून हातभर अंतरावर कण्हत गोल गोल फिरत होतं. गोटू दोन्ही हातांनी बटण दाबत होता. त्याला खालून बाकीच्यांची पोटं दिसत होती आणि तो खूष होता. "बाबा, विमानांना खालून स्क्रू असतात!"

पण विमानवाल्याने माइक उचललाच.

"चार नंबर! काका, वजन नक्की किती म्हणालात?"

वरून दहाच्या दहा कुटुंबांनी वाकून खाली बघितलं.

"चौऱ्याहत्तर!" मी खणखणीत आवाजात सांगितलं, आणि आमचं विमान आणखी चार बोटं खाली आलं.